शनिवारी आवळलेले बोल्ट

भांगरवाडी, लोणावळा
३ फेब्रुवारी १९६८

दाजी, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती आहे. आक्काला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पाच वर्षांपूर्वी चिंगीला कडेवर घेऊन ती लोणावळा स्टेशनात गाडीत चढली, तेव्हा आईच्या माघारी ज्याला तिनं वाढवलं त्या भावाकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानंतर तुमचा ठावठिकाणा मी कुणाला विचारला नाही. विचारायला तोंड नव्हतं.

पत्ता नंदाबाई मावशींकडून मिळाला. त्या लेकीकडं बल्लारपूरला गेल्या होत्या आणि लाकडाच्या डेपोत तुम्ही त्यांना दिसलात. परत आल्यावर त्या माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुजा दाजी वंडकं वाहतोय रं. म्या म्हनलं, भिमाजी, येवढा फिटर मानूस तू, हितं फिटरचं काम न्हाई का? तर म्हनला, मावशी, माजा हात जड हाय. मी आता पाना धरत न्हाई."

एवढं सांगून मावशी गेल्या. मी दोन दिवस कामावर गेलो, परत आलो, आणि आज लिहायला बसलो. कारण तुमचा हात जड नव्हता असं मला वाटू लागलं आहे. का, ते सांगतो.

मी अजून त्याच कारखान्यात आहे, प्रयोगशाळेत. गेल्या वर्षी आमच्याकडं दाभाडे साहेब म्हणून नवे धातुतज्ज्ञ आले. तळेगावचेच आहेत. मागच्या महिन्यात जोडणी विभागानं स्प्रिंगच्या क्लिपा बसवल्या, शुक्रवारी. जस्ताचा मुलामा दिलेल्या, नव्या कोऱ्या. सोमवारी कुलूप उघडलं तर ट्रेमध्ये ठेवल्या जागी सतरा क्लिपा तुटलेल्या. मधे कुणी हातसुद्धा लावला नव्हता. फोरमन म्हणाला, बसवणाऱ्यांनी जास्त ताणल्या. दाभाडे साहेबांनी एक तुकडा भिंगाखाली धरला आणि विचारलं, "मुलामा दिल्यावर तापवल्या होत्या का?"

कुणीच तापवल्या नव्हत्या. तापवायच्या असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. मुलामा द्यायच्या आधी माल ॲसिडच्या टाकीत धुतात. तेव्हा बुडबुडे येतात ते हायड्रोजन वायूचे. सगळा वायू वर जात नाही. थोडा लोखंडात शिरतो आणि पाण्यात मीठ विरघळावं तसा त्या घट्ट धातूत विरघळतो. मी म्हणालो, "साहेब, भरीव लोखंडात वायूला जागा कुठली?" ते म्हणाले, "भरीव आपल्या डोळ्यांना. आत अणू रांगेनं रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये फटी असतात. हायड्रोजन सगळ्यांत लहान, तो फटीत मावतो. शिवाय रांगा कधी पुऱ्या नसतात. मधेच एखाद्या अणूची जागा रिकामी राहिलेली असते. तिथंही तो जाऊन बसतो." नरम लोखंड हे सोसतं. कडक पोलाद सोसत नाही. ते ताणून बसवलं की आतला वायू हळूहळू सरकत जिथं ताण जास्त तिथं गोळा होतो, आणि काही तासांनी किंवा दोन दिवसांनी, काही कारण न दिसता, तुकडा पडतो.

दाजी, हे ऐकताना मी स्टुलावर बसलो. साहेबांनी विचारलं काय झालं. मी त्यांना आपल्या होइस्टची हकीकत सांगितली. त्यांनी ती क्रमानं लिहून मागितली आहे. मी लिहिली ती अशी. चुकली असेल तिथं दुरुस्त करा.

मशीनशॉपच्या तुळईला होइस्ट, म्हणजे जड माल उचलायचं साखळीचं यंत्र, चार बोल्टांवर टांगलेलं होतं. इथल्या पावसानं जुने काळे बोल्ट गंजून गेले, म्हणून कडक पोलादाचे, जस्ताचा मुलामा दिलेले नवे बोल्ट मागवले. ते २४ नोव्हेंबर १९६२ ला, शनिवारी, भिमाजी फिटर यांनी बसवले. मी तेव्हा स्टोअरमध्ये होतो आणि बोल्ट घेऊन मीच तिथं गेलो होतो. सोमवारी सकाळी पाळी सुरू होताना दोन बोल्ट तुटले आणि होइस्ट सावळा या कामगाराच्या पायावर पडलं. चौकशीत ठरलं की फिटरनं जोर वाढवायला पान्याच्या दांड्याला पाईप लावून बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले. फिटरला कामावरून काढलं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. बोल्ट किती वाजता आवळलेत आणि पाना केवढा होता.

चौकशीत मी जे पाहिलं तेच सांगितलं होतं. ते तुम्हालाही माहीत आहे.

रखमाजी


लोणावळा
२ मार्च १९६८

दाजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल अशी खात्रीही नव्हती. पण दोन गोष्टी झाल्या आहेत, त्या कळवल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. ते चारही बोल्ट सापडले. टाइम ऑफिसच्या कपाटात चौकशीच्या कागदांना बांधलेल्या कापडी पिशवीत होते. दाभाडे साहेबांनी लेखी मागून घेतले. त्यांनी टेबलावर ठेवले तेव्हा मला हात लावायचं धाडस होईना. ते म्हणाले, "रखमाजी, हा नट घे आणि तुटलेल्या बोल्टवर फिरव बरं."

नट बोटांनी फिरला, दाजी. न तुटलेल्या टोकाकडून निघून थेट तुटलेल्या तोंडापर्यंत, कुठंही न अडता. तुम्ही फिटर आहात, तुम्हाला याचा अर्थ मला सांगायला नको. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला असता तर त्याचे आटे ताणले गेले असते, नट मधेच अडकला असता. बोल्ट बारीकही झालेला नाही. पीळ नाही. आणि तुटलेलं तोंड खडीसाखर फोडल्यासारखं दाणेदार, चकचकीत आहे. साहेबांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. चीर दाण्यांच्या कडेकडेनं गेली आहे, जशी भिंत विटा न फुटता सांध्यांतून उसवावी. बोल्ट क्लिपांपेक्षाही कडक निघाले.

पण साहेब म्हणतात एवढ्यावर भागणार नाही. जे दोन बोल्ट तुटले नाहीत त्यांच्यातला वायू पाच वर्षांत निघून गेला असणार, तेव्हा ते ताणून काही सिद्ध होत नाही. तशाच पोलादाचे नवे बोल्ट बनवायचे, तसाच मुलामा द्यायचा, आणि बघायचं. त्यांनी परवानगीचा अर्ज केला आहे.

दुसरी गोष्ट. मी सावळाला भेटलो. भुशीच्या वरच्या अंगाला त्याची वाडी आहे. तो आता एका बंगल्याची बाग बघतो. डावा पाय वाकत नाही, पण चालतो, वाफे स्वतः करतो. पाच वर्षांत मी त्याच्याकडंही गेलो नव्हतो. त्यानं मला ओळखलं, पाटीवरची माती झटकली आणि ओट्यावर बसायला जागा केली. त्याची बायको चिमाबाई आतून गुळाचा चहा घेऊन आली.

मी सगळं सांगितलं. हायड्रोजनचं त्याला किती कळलं कोण जाणे. पण तो मधेच म्हणाला, "पर मला येक सांग. त्या येळी व्हाइस्टाला काय लटकलंच नव्हतं की."

मी म्हणालो, "काय?"

"रिकामं व्हतं. म्या साखळीला हात बी घातला नव्हता. नुसता खालनं चाललो व्हतो. वर कट्दिशी वाजलं, परत येकदा वाजलं, आन आलं खाली."

"हे तू चौकशीत सांगितलं नाहीस?"

"मला कुनी इचारलं? मी दवाखान्यात व्हतो. साहेब आलता, फळं देऊन गेला."

मग सावळा म्हणाला, "भिमाजी भाऊला म्या कवा बोल लावला न्हाई. माज्या घरात बी कुनी लावला न्हाई. तो दवाखान्यात माज्या उशाशी बसून रडलाय. तू न्हाई आलास कवा."

शेवटचं वाक्य त्यानं रागानं म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. चहा संपवून मी उठलो तेव्हा चिमाबाईंनी पिशवीत घोसाळी घालून दिली.

दाजी, तो पाना केवढा होता ते कळवा. साहेबांना चाचणीसाठी तेवढाच जोर लावायचा आहे.

रखमाजी


लोणावळा
२५ मार्च १९६८

दाजी,

तुमचं कार्ड मिळालं. चार वाक्यं आहेत. "शनिवारी दुपारी चार वाजता. पाना बारा इंची. पाईप जुने गंजलेले नट काढायला लावला, नवे नुसत्या पान्यानं आवळले. तू तिथंच उभा होतास."

तीन वाक्यं मी साहेबांना दाखवली. चौथ्यावर अंगठा ठेवला होता.

आधी चाचणीचं सांगतो, मग चौथ्या वाक्याचं.

आठ बोल्ट बनवले, जुन्यांच्याच मापाचे, तेवढेच कडक. आठही ॲसिडमध्ये धुतले, आठांनाही मुलामा दिला. चार तसेच ठेवले. चार ताबडतोब ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीवर अख्खी पाळीभर तापवले, म्हणजे आत शिरलेला वायू निघून जावा. मग सोमवारी, ११ तारखेला सकाळी दहा वाजता, जाड लोखंडी चौकटीत आठही बसवले. बारा इंची पान्यानं, पाईप न लावता. आवळण्यासाठी साहेबांनी मशीनशॉपमधल्या चार वेगवेगळ्या फिटरना बोलावलं, कुणाचा हात हलका, कुणाचा भारी असा संशय राहू नये म्हणून. चौकट काचेच्या कपाटात ठेवली, चावी साहेबांकडं.

सोमवार गेला. काही झालं नाही. मला जेवण गेलं नाही. मंगळवारी अकरा चाळीसला मी कपाटाशेजारीच मोजमापं लिहीत होतो, तेव्हा आतून आवाज आला. सावळा म्हणाला होता तसाच, कट्दिशी. एका बोल्टचं डोकं उडून काचेवर आपटलं आणि खाली पडलं. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही, पण शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली. बुधवारी आणखी दोन तुटले, एक सकाळी आणि एक दुपारच्या भोंग्याच्या वेळी. तिन्ही न तापवलेल्यांपैकी. चौथा टिकला, साहेब म्हणतात असं होतं, सगळे सारखे नसतात. तापवलेल्या चारांपैकी आज पंधराव्या दिवशीही एकाला काही झालेलं नाही.

तुटलेली तोंडं जुन्या तोंडांशेजारी ठेवली. कुठलं जुनं, कुठलं नवं, गंज सोडला तर सांगता येत नाही.

तेव्हा हे पक्कं समजा. सावळाच्या पायावर होइस्ट तुमच्या हातानं पडलं नाही. तुम्ही बोल्ट बरोबर आवळलेत. तुमच्या जागी कुणीही असता आणि कितीही सांभाळून आवळले असते, तरी ते सोमवारी तुटले असते. आवळण्याआधीच ते आतून वाया गेलेले होते, आणि पाठवणाऱ्या मुंबईच्या वर्कशॉपनं ते तापवले नव्हते. ते वर्कशॉप आता बंद झालं आहे.

आता चौथं वाक्य.

होय. मी तिथंच उभा होतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की जे पाहिलं तेच सांगितलं. ते खरं नाही. तुम्ही शिडीवर होता, जुना नट हलत नव्हता, तुम्ही खाली बघून मला म्हणालात, "रखमा, तो पाईप दे रं." मी दिला. चारही जुने नट निघाल्यावर तुम्ही पाईप माझ्या हातात परत दिलात. तो मी भिंतीशी उभा केला. त्यानंतर मी नवे बोल्ट एकेक करून वर दिले आणि ते तुम्ही नुसत्या पान्यानं आवळलेत. हे सगळं मी पाहिलं.

चौकशीत मॅनेजर साहेबांनी विचारलं, "फिटरनं पान्याला पाईप लावला होता का? होय किंवा नाही." मी होय म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि मी पुढं सांगितलं नाही. तुम्ही समोर बसला होता.

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी पढवलं नव्हतं. फक्त दोन दिवस आधी मला कळलं होतं की प्रयोगशाळेतल्या जागेसाठी माझं नाव यादीत आहे. आपल्या नाणे मावळातल्या गावात आपल्या वस्तीतला कुणी तोवर प्रयोगशाळेचं दारसुद्धा ओलांडून गेला नव्हता. मला वाटलं, जास्त बोललो तर मेहुण्याची बाजू घेतो म्हणतील आणि नाव खोडतील. मला हेही वाटलं की तुम्हाला फार तर ताकीद देतील. तुम्हाला काढलं तेव्हा मी सांगू शकलो असतो. तेव्हाही गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात मी पांढरा कोट घातला.

मला ही नोकरी तुम्ही लावून दिली होती. मी तुमच्या खोलीत राहत होतो, आक्काच्या हातचं जेवत होतो.

हे लिहायला मला तीन पत्रं लागली. आक्काला हे पान वाचून दाखवा. बाकीचं नाही दाखवलंत तरी चालेल.

रखमाजी


लोणावळा
२१ एप्रिल १९६८

दाजी,

सोबत कागदाची नक्कल जोडली आहे, शिक्क्यासकट. तो आधी वाचा. अस्सल प्रत मी जपून ठेवली आहे, ती तुमच्याच हातात द्यायची आहे.

चाचणीचा अहवाल दाभाडे साहेबांनी वर पाठवला. आठवड्यानं मॅनेजर साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं. खोली तीच, टेबल तेच. अहवाल वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बोल्ट खराब होते हे मान्य. पण पाईपचं काय? तो लावला होता असा जबाब आहे."

दाभाडे साहेब माझ्याकडं बघायला लागले. त्यांना मी सगळं आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "उद्या तू स्वतः बोल. मी बोलणार नाही."

मी म्हणालो, "तो जबाब माझा आहे. पाईप जुने नट काढायला लावला होता. नवे बोल्ट नुसत्या पान्यानं आवळले. मी बघत होतो."

"मग तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

"तेव्हा अर्धं बोललो, साहेब."

"का?"

मी कारण सांगितलं. प्रयोगशाळेची जागा, यादी, सगळं. ते म्हणाले, "हे लेखी दिलंस तर तुझ्या फाइलला लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. द्या कागद."

मी तिथंच उभं राहून लिहिलं. सावळाचाही जबाब घेतला. त्याला दाभाडे साहेबांनी गाडी पाठवून आणलं. होइस्ट रिकामं होतं हे त्यानं तीनदा सांगितलं, कारण तिसऱ्यांदा सांगेपर्यंत कारकुनानं लिहिलंच नव्हतं.

काल निकाल लागला. तुमच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा रद्द केला आहे. अपघाताचं कारण 'मालातील दोष' असं लिहिलं आहे. तुम्हाला पूर्वीच्या जागेवर परत घ्यायला तयार आहेत आणि तुम्ही दुसरीकडं अर्ज केलात तर चांगला दाखला देतील. शिवाय नियम केला आहे की मुलामा दिलेला कडक माल तापवल्याशिवाय स्टोअरमध्ये घ्यायचा नाही. ओव्हनशेजारी तशी पाटी लावली, अक्षर माझं आहे.

मला मेमो मिळाला. चौकशीत माहिती दडवली म्हणून. वरच्या जागेसाठी दोन वर्षं माझा विचार होणार नाही. मेमो खिशात घालून मी फाटकाबाहेर आलो आणि बाजाराकडं चालत निघालो. वाटेत मला अशी भूक लागली दाजी, की पहिलं हॉटेल दिसलं तिथं बसून मी मिसळ खाल्ली, पुन्हा पाव मागवले, पुन्हा चहा. शेजारच्या बाकावर एक म्हातारबाबा होते, ते म्हणाले, "लांबनं आलास व्हय?" मी व्हय म्हणालो आणि एकटाच हसत सुटलो.

तुमच्यावरचं ओझं उतरलं की नाही ते तुम्ही सांगाल. माझ्यावरचं उतरलं हे आधी लिहायला नको होतं. पण खरं तेच आहे, आणि आता खरं सोडून तुम्हाला काही लिहायचं नाही.

एकदा या. मी बोलावतोय म्हणून नको. ते बोल्ट डोळ्यांनी बघायला या.

रखमाजी


लोणावळा
२ जून १९६८

आक्का,

हे पत्र तुला आहे. चिंगी, तू हे मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. तू इथं आठ दिवस पेपर वाचण्यावरून माझ्याशी एवढं भांडलीस की तुझं वाचन कसं आहे ते मला समजलंय.

दाजी घरी सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. पण इथं काय काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. त्यांचा स्वभाव तू जाणतेस. म्हणून मी सांगतो.

दोन गाड्या बदलून ते आले तेव्हा मी फलाटावर होतो. आधी चिंगी उतरली. ती कोण हे मला कळलं नाही, एवढी उंच झाली आहे. मग दाजी. केस पांढरे झालेत आक्का. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंड धरून मला उभं केलं आणि म्हणाले, "आधी बोल्ट दाव."

बॅग घरी न टाकता आम्ही तसेच कारखान्यात गेलो. दाभाडे साहेबांनी स्वतः खुर्ची दिली. दाजी बसले नाहीत. त्यांनी जुना तुटका बोल्ट हातात घेतला, नट लावला, आणि फिरवला. टोकापर्यंत. परत मागं आणला. परत टोकापर्यंत. असं पाच-सहा वेळा. मग ते साहेबांना म्हणाले, "आटं शाबूत हायती."

साहेब म्हणाले, "शाबूत आहेत, भिमाजीराव."

"मी पाच वर्सं झोपताना हिशेब घालतोय. येक आटा जास्ती फिरवला का. शेवटच्या झटक्याला जोर जास्ती पडला का. मलाच वाटाया लागलं व्हतं, पाईप लावला आसंल बी. रखमा येवढा सांगतोय तर लावला आसंल."

हे त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं. आक्का, मला वाटत होतं की मी त्यांची नोकरी घालवली. माझ्या एका होयनं त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घालवला होता, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "दाजी, मला मारा हवं तर." ते म्हणाले, "साहेबांच्या खोलीत?" साहेब हसले, मग दाजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी टॉवेल तोंडावर धरला तो बराच वेळ काढला नाही. चिंगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावळाकडं गेलो. तिथं माझं काही काम नव्हतं. ते दोघं ओट्यावर बसून पाऊस, पाय, पोरं असं बोलत होते. निघताना दाजींची नजर सावळा जिथली बाग बघतो त्या शेजारच्या बंगल्याच्या विहिरीवरच्या पंपाकडं गेली. पंप गळत होता. "पाना हाय का?" त्यांनी विचारलं. सावळानं आणून दिला. दाजींनी पाना हातात तोलला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग वाकून नट आवळला. गळती थांबली. सावळा म्हणाला, "ह्यो पंप सालभर गळत व्हता, मला वाटलं तुमी येस्तोवर गळनार." मी लांब उभा राहून बघत होतो.

इथली जागा त्यांनी घेतली नाही हे तुला कळलंच असेल. म्हणाले, "रतनचं, तुज्या आक्काचं, समदं तितं बसलंय आता. चिंगीची शाळा तितं. दाखला दे, मी तितंच फिटर म्हनून अर्ज करतो." दाखला साहेबांनी स्वतः टाइप करून घेतला.

शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "दाजी, मला माफ केलंत का?" त्यांनी बॅगेचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "तू व्हय म्हनालास तवा मी तुज्या तोंडाकडं बगत व्हतो. तवाच कळलं, पोरगं भ्यालंय. राग तुजा न्हाई आला. राग ह्याचा आला, की नंतर तू खोलीवर आला न्हाईस. आला आसतास आन दाराशी नुसता बसला आसतास तरी चाललं आसतं." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पण गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर टपली मारली, मी पूर्वी तुमच्याकडं असताना मारायचे तशी.

आणि गाडी हलताना ते म्हणाले, "रतननं येक निरोप दिलाय. म्हनाली, त्याला सांग, मी त्याच्याशी बोलनार न्हाई."

मी मान हलवली. तेवढ्यात चिंगी खिडकीतून डोकं काढून ओरडली, "मामा, आईचा निरोप पुरा ऐक, ती पुढं म्हणाली, 'पण पाऊस सरला की मी लोणावळ्याला येणार हाय!'"

आक्का, खोली मी आजच झाडून घेतली. पाऊस सरायला चार महिने आहेत. तू आल्यावर बोलू नकोस, मी सगळं चिंगीच्या तोंडून ऐकीन. जेवताना पाठ करून बसलीस तरी चालेल. फक्त ये.

तुझा
रखमा